‘जोडण्या’ म्हटलं की मालक हसतात

उत्तरेश्वर : कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपसाठी मराठीत सूचना लिहून देतोय. ड्रॉइंगचं फोल्डर एका साध्या पीसीवर शेअर केलंय. विंडोज १० आहे, म्हणजे एका वेळी २०च मशिनी आत घेतो, एकविसाव्याला नकार. मी लिहिलं, ‘एका वेळी कमाल २० जोडण्या’. मालक म्हणाले, “जोडण्या? इलेक्शन लागलंय काय?” दुसरा शब्द सुचवा.

गंगावेस_कट्टा : मालकांचं बरोबर हाय की! आपल्याकडं जोडण्या घालतात, म्हंजे आतनं माणसं जुळवतात, त्या उमेदवारीच्या, त्याबी रात्री जेवणावळीत. सरळ कनेक्शन लिहा.

जुना_मास्तर : वीजजोडणी, नळजोडणी चालते, मग इथंच कनेक्शन कशाला? जू, जोत, जोड सगळे ‘युज्’ धातूचे. माधव जूलियन याच गावात राजाराम कॉलेजात शिकवायचे. फारसीचा जाणकार माणूस, तरी भाषाशुद्धीचा कैवारी!

शाहूपुरी_३री_गल्ली : मास्तर, जू आणि जोत मान्य. ‘जोड’ तिथून आला हे काही पटत नाही. आणि नळजोडणी फक्त पावतीवर असते. आमच्या आई ‘नळाचं कनिक्शन’च म्हणतात.

जुना_मास्तर : आईंना नमस्कार. पण पावती मराठीतच असते ना?

एक्सपीवाला : आम्ही ‘जागा’ म्हणायचो. जुन्या विंडोज एक्सपीत होमला ५ जागा, प्रोफेशनलला १०. अकरावा आला की “जागा नाही, थांब जरा.” आणि एसटीत रुमाल टाकून उतरावं तसं व्हायचं. गडी चहाला गेलेला, पण त्याच्या मशिनीनं जागा धरलेली! काहीच हालचाल नसली की साधारण १५ मिनिटांनी सुटायची.

उत्तरेश्वर : ‘जागा’ आवडला. पण लोक हार्ड डिस्कमधली जागा समजतील.

एक्सपीवाला : खरी पंचाईत ‘हाफ-ओपन’ची. एक्सपीच्या २००४च्या सर्व्हिस पॅक २ या अपडेटनं बाहेर जाणाऱ्या अर्धवट कनेक्शनना एका वेळी १०ची वेस घातली, व्हायरस भराभर पसरू नयेत म्हणून. वेशीला अडलं की मशिनीच्या लॉगमध्ये ४२२६ नंबरची नोंद दिसायची. ह्याला मराठीत काय म्हणणार?

जुना_मास्तर : अर्धोन्मीलित.

गंगावेस_कट्टा : मास्तर, ते डोळं असत्यात! हाक मारली, ओ आली नाही, एवढंच हाय ते. ‘बिनओची हाक’ म्हणा.

शाहूपुरी_३री_गल्ली : ‘ओ’ला षष्ठी लागते का पण?

उत्तरेश्वर : राहू दे. मालकांनी स्वतःच कागद चिकटवलाय : ‘काम झालं की फोल्डर बंद करा. बाकीचे थांबल्यात.’

जुना_मास्तर : थांबलेत!

गंगावेस_कट्टा : थांबल्यातच.