नाशिकच्या वायनरी एका दिवसात : तुमचे अनुभव लिहा

मंडळी, जानेवारी लागला की मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात: "सकाळी निघून वायनरी बघून रात्री परत येता येईल ना गं?" मी नाशिकची. माहेरी दिंडोरी तालुक्यात वाइनच्या द्राक्षांची बाग आहे, म्हणून हा धागा काढतेय.

येता येतं, पण आधी दिशा ठरवा. गंगापूर धरणाची बाजू पश्चिमेला, दिंडोरी उत्तरेला, सांजेगाव इगतपुरीकडे आणि विंचूर पार निफाडच्या पुढे. चारही टोकं एका दिवसात गाठायला गेलात तर दिवस गाडीतच जाईल. एक दिशा, फार तर दोन वायनरी. तुम्ही कसं केलंत, काय चुकलं, सविस्तर लिहा.

*

आम्ही चौघी मैत्रिणी दादरहून गेलो. सकाळची वंदे भारत पकडली, नऊच्या सुमारास नाशिकरोडला. स्टेशन शहरापासून लांब आहे, गंगापूरची बाजू तर आणखी पलीकडे, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. तिथूनच दिवसभरासाठी टॅक्सी ठरवली आणि तो निर्णय फार चांगला ठरला, कारण परतीला वायनरीच्या दारात रिक्षा मिळत नाही. आधी मिसळ खाल्ली. रिकाम्या पोटी टेस्टिंगला (वाइन चाखायला) बसू नका, हे कळकळीने सांगते.

चूक एकच: रविवार होता आणि वायनरी दाखवणाऱ्या फेरीचं बुकिंग केलं नव्हतं. दीड तास थांबलो. पण संध्याकाळी धरणाच्या पाण्यावर ऊन उतरताना शेनिन ब्लां या पांढऱ्या वाइनचा ग्लास हातात होता, ते विसरणार नाही.

*

पुण्याहून एका दिवसात करू नका. अंतर सव्वादोनशेच्या आत आहे, पण चाकणलाच तास गेला. जाऊन-येऊन दहा तास गाडीत. पुढच्या वेळी मुक्काम केला.

आणि गाडी कोण चालवणार हे घरून निघतानाच ठरवा. कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल एवढीच आहे. पाच-सहा वाइनचे घोट "चव घेण्यापुरते" वाटतात, पण मोजले की बेरीज होते. माझ्या बहिणीने चालवायचं कबूल केलं होतं. तिने प्रत्येक वाइन तोंडात घोळवून भांड्यात थुंकली. त्यासाठीच ते भांडं ठेवलेलं असतं, लाजायचं कारण नाही.

*

ठाण्याहून बाबांना घेऊन गेलो होतो. बाबा पीत नाहीत, त्यामुळे ते कंटाळतील अशी धास्ती होती. समृद्धी महामार्गाने इगतपुरीला उतरून सांजेगावची बाजू धरली. (2025 मध्ये भिवंडीजवळच्या आमणेपर्यंतचा टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाट टळतो. दुचाकीवाल्यांना मात्र तिथे प्रवेश नाही.)

बाबांची सगळी नोकरी दूध डेअरीत गेली. आत स्टीलच्या उंच टाक्या दिसल्या आणि ते थबकलेच. टाकीभोवती थंड पाणी फिरवायचं आवरण, झडपा, धुण्याची पद्धत, सगळं त्यांच्या ओळखीचं. फेरी दाखवणाऱ्या मुलाला त्यांनी इतके प्रश्न विचारले की तो खूश होऊन आम्हाला ओकच्या पिंपांच्या खोलीत जास्त वेळ घेऊन थांबला. लाल वाइनला रंग सालीतून येतो, म्हणून रस सालीसकट आंबवतात, हे बाबांनी घरी येऊन आईला समजावलं. माझ्यासाठी सहलीचं सार्थक तिथे झालं.

*

मी सध्या फ्रान्समध्ये, बोर्दोला. इथून सेंट-एमिलियाँ हे वाइनचं गाव रेल्वेने पाऊण तासाच्या आत. स्टेशन गावाबाहेर, वीसेक मिनिटं द्राक्षमळ्यांमधून चालत जावं लागतं. ते चालणंच मला सगळ्यात आवडलं. एकाच चुनखडकात कोरलेलं भूमिगत चर्च आहे, ते गाइडबरोबरच बघता येतं. हा सगळा परिसर 1999 पासून जागतिक वारसा यादीत आहे. बऱ्याच शातोंमध्ये (इथल्या वायनरींमध्ये) आधी वेळ घ्यावी लागते, रविवारी तर अनेक ठिकाणी बंदच.

*

26 जानेवारीला जोडून सुट्टी काढत असाल तर थांबा. त्या दिवशी ड्राय डे असतो. आम्ही फक्त वेली बघून आलो.

*

कॉलेजातली भाची बरोबर आहे, वय 20. चालेल का? आणि बागेत द्राक्षं तोडून खाता येतात का?

*

फेरीला चालेल, टेस्टिंगला नाही. आपल्याकडे वाइनसाठी 21 पूर्ण लागतात.

द्राक्षांबद्दल मात्र मनापासून सांगते: विचारल्याशिवाय घडाला हात लावू नका. ऑक्टोबरच्या छाटणीपासून डावणी आणि भुरी या रोगांशी झगडत तो घड वाढवलेला असतो, शिवाय त्यावर फवारणी झालेली असू शकते. काढणीच्या दिवसांत माहेरी दिंडोरीला माझा भाऊ रोज मणी चिरडून ब्रिक्स (रसातली साखर) मोजतो. साखर ठरल्याप्रमाणे भरली की पहाटे, गारव्यातच माल तोडायचा, म्हणजे वायनरीत पोहोचेपर्यंत तो तापत नाही. अशा वेळी एका वेलीवरचे चार घड गेले तरी त्याला दिसतं.

विचारलंत तर तो स्वतः धुऊन देईल. खाऊन बघा, नेहमीच्या खायच्या थॉमसन द्राक्षांपेक्षा मणी बारीक, साल जाड, आत बिया, आणि गोडी अशी की बोटं चिकटतात. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, आठवड्याच्या मधल्या वारी या. तेव्हा बागेत तोडणी आणि वायनरीत गाळप, दोन्ही एकाच दिवशी बघायला मिळण्याची शक्यता जास्त.