प्रबंधासोबत लोकांच्या भाषेतला सारांश सक्तीचा असावा का?

शोधार्थी, चेंबूर:
पीएच.डी.चा प्रबंध मंजूर झाला की तो ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर जातो, त्यातून एखाददुसरा शोधनिबंध इंग्रजी नियतकालिकात छापून येतो आणि उमेदवाराच्या नावामागे डॉक्टर लागते. ज्या वस्तीत दारोदार फिरून ती माहिती जमवली, तिच्या हाती मात्र बहुधा काहीच पडत नाही. मी सार्वजनिक आरोग्य या विषयात संशोधन करते आणि माझा प्रस्ताव असा आहे: माणसांकडून माहिती घेऊन केलेल्या प्रत्येक प्रबंधासोबत, त्या माणसांना वाचता येईल अशा भाषेत, म्हणजे मुंबईत मुख्यतः मराठीत आणि गरजेनुसार हिंदी किंवा उर्दूत, दोन पानांचा सारांश सक्तीचा असावा. तो संशोधकाने स्वतः लिहावा आणि व्हायव्हात, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, त्यावरही प्रश्न विचारले जावेत. अभ्यासाचे निष्कर्ष सहभागी व्यक्तींना आणि समाजाला कळवण्याचा प्रयत्न व्हावा, असे आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांतही म्हटले आहे. पण तिथे ती अपेक्षा आहे, आणि पदवीशी न जोडलेल्या अपेक्षेचे काय होते हे आपण सगळेच जाणतो.

हे काम संशोधकानेच का करावे, यासाठी एक उदाहरण देते. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात एम पूर्व वॉर्डाचे, म्हणजे गोवंडी, मानखुर्द, देवनार या भागाचे, मृत्यूसमयीचे सरासरी वय ३९ वर्षांच्या आसपास दिले होते. पुढे तो आकडा ‘इथले आयुर्मान ३९ वर्षे’ असा फिरत राहिला. या दोन गोष्टी निराळ्या आहेत. पहिल्या आकड्यात केवळ नोंदलेल्या मृत्यूंच्या वयांची सरासरी असते, त्यामुळे ज्या भागात लहान मुले आणि तरुण अधिक आहेत तिथे तो आपोआप खाली येतो. त्यातच कामासाठी मुंबईत आलेला माणूस म्हातारपणी गावी परतला, तर त्याचा मृत्यू गावच्या दप्तरात लागतो आणि वॉर्डाच्या सरासरीतून एक मोठे वय गळते. आयुर्मान काढताना प्रत्येक वयोगटाचा मृत्युदर स्वतंत्रपणे धरला जातो, म्हणून वयोरचनेचा हा परिणाम त्यात उतरत नाही. या वॉर्डातील आरोग्याची स्थिती गंभीर आहे यात शंका नाही. पण पन्नाशीच्या माणसाला ‘तुमच्याकडे लोक ३९ व्या वर्षी जातात’ असे ऐकवणे हे ज्ञान पोहोचवणे नव्हे.

संख्यामित्र:
तुमची तळमळ पटते, उपाय पटत नाही. तुम्ही दिलेले उदाहरण उलट माझ्या बाजूने बोलते, कारण तुम्हीच म्हणता तो फरक समजवायला तुम्हाला एक अख्खा परिच्छेद लागला. दोन पानांच्या सारांशात असे परिच्छेद टिकत नाहीत, पहिल्याच कात्रीत तेच जातात आणि आकडा तेवढा उरतो. मी अनेक वर्षे संख्याशास्त्र शिकवतो आहे आणि चांगल्या विद्यार्थ्यांनाही सापेक्ष जोखीम (धोका किती पट वाढला) आणि प्रत्यक्ष जोखीम (किती जणांमागे किती जणांना धोका) यांची गल्लत करताना पाहतो.

ही गल्लत किती महागात पडते याचा दाखला ब्रिटनमध्ये आहे. नव्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो, असा इशारा तिथे ऑक्टोबर १९९५ मध्ये देण्यात आला. ‘दुप्पट’ हे खरेच होते, पण प्रत्यक्षात ते प्रमाण सुमारे ७००० स्त्रियांमागे एकीवरून दोघींवर गेले होते. घाबरून अनेकींनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३ हजार गर्भपात अधिक झाले, असा अंदाज आहे. हा इशारा अननुभवी विद्यार्थ्यांनी दिलेला नव्हता, औषध-सुरक्षेच्या अधिकृत समितीने दिला होता.

आणि सक्तीचे म्हणाल, तर आपल्याकडे सक्तीची गोष्ट उरकली जाते. सारांश भाषांतर करणाऱ्याकडून पैसे देऊन करून घेतला जाईल, मार्गदर्शक न वाचता सही करतील आणि दोन पानांचे आणखी एक कागदपत्र फाइलला लागेल. मुंबईत हे काम जाणणाऱ्या संस्था आहेत. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून उभी आहे, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र तर मानखुर्दलाच आहे. लोकांपर्यंत विज्ञान कसे न्यावे हे स्वतंत्र कसब आहे, ते ज्यांच्या अंगी आहे त्यांच्याकडे द्यावे.

बातमीदार:
मी एका मराठी दैनिकात आरोग्य आणि महापालिका हे विषय पाहतो. आकडा फिरला की दोष आमच्यावर येतो. काही वेळा तो आमचाच असतो, पण दर वेळी नाही. ब्रिटनमधील २० विद्यापीठांनी २०११ मध्ये काढलेली आरोग्यविषयक ४६२ प्रसिद्धिपत्रके तपासणारा एक अभ्यास २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. नुसत्या सहसंबंधावरून, म्हणजे दोन गोष्टी सोबत आढळतात एवढ्यावरूनच, ‘यामुळे ते होते’ असा पक्का दावा करणारी पत्रके सुमारे एकतृतीयांश होती. जिथे पत्रकातच असा दावा होता, तिथे ८१ टक्के बातम्यांत तो आला. जिथे नव्हता, तिथे १८ टक्के बातम्यांत. म्हणजे फुगवटा बऱ्याचदा संस्थेच्याच दारात होतो. त्यामुळे संख्यामित्र म्हणतात तसे काम मध्यस्थांकडे दिल्याने आकडा सुरक्षित राहील, असे मला वाटत नाही.

करोनाकाळातील सेरो सर्वेक्षण आठवा, म्हणजे किती जणांना संसर्ग होऊन गेला हे रक्तातील प्रतिपिंडांवरून (अँटीबॉडी) पाहणारी तपासणी. महापालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) यांनी जुलै २०२० मध्ये आर उत्तर, एम पश्चिम आणि एफ उत्तर या तीन वॉर्डांत ते केले. झोपडपट्टीत ५७ टक्के आणि इतरत्र १६ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. ‘तीन वॉर्ड’ हे शब्द मथळ्यात बसत नाहीत, म्हणून अनेक ठिकाणी ते ‘मुंबईची झोपडपट्टी’ झाले. ऑगस्टच्या फेरीत हे आकडे ४५ आणि १८ आले, तेव्हा ५७ चे ४५ कसे झाले, असे वाचक विचारू लागले. प्रतिपिंडे काळानुसार घटतात, शिवाय दुसऱ्या फेरीतली माणसे तीच नव्हती, ही संभाव्य कारणे संशोधकाने पहिल्याच दिवशी, आकड्याला लागून, दोन सोप्या वाक्यांत लिहून दिली तर आम्ही ती छापतो. आम्हाला संध्याकाळी सातपर्यंत मजकूर द्यायचा असतो आणि तोवर फोन उचलणारा संशोधक विरळा. माझा प्रस्तावाला पाठिंबा आहे.

वॉर्डातला माणूस:
मी महापालिकेच्या एका वॉर्ड कार्यालयात काम करतो. या चर्चेत वाचक म्हणून वस्ती आली, वर्तमानपत्र आले, पण ज्याला निर्णय घ्यायचा आहे तो कर्मचारी आला नाही. आमच्याकडे अहवाल येतात ते दीडशे पानांचे, आणि शेवटच्या पानावर ‘शासनाने समन्वयाने ठोस पावले उचलावीत’ असे लिहिलेले असते. कोणत्या नगरात, कोणत्या महिन्यांत, कोणत्या वेळी आरोग्य सेविका गेल्यास घरात माणूस भेटेल, हे त्याच संशोधकाला पाठ असते, पण ते प्रबंधात नसते. वेळेचेही भान हवे. महापालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या सुरुवातीला मांडला जातो आणि मागण्या त्याच्या कितीतरी आधी गोळा होतात. मार्चमध्ये आलेली उत्तम शिफारस पुढचे वर्षभर पडून राहते.

वेगवेगळ्या वाचकांना काय सांगावे, याचा मला आवडणारा नमुना हवामान खात्याचा आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला ७३. एकाच शहरात इतका फरक पडू शकत असेल, तर मिलिमीटरचा अंदाज सामान्य माणसाला फारसा उपयोगी नाही. आता जिल्हावार रंग दिले जातात: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. कोणी काय करायचे हे त्या रंगात आहे, आणि मूळ आकडे ज्याला हवे त्याला वेगळे मिळतात. रेड अलर्ट असताना आपल्या गल्लीत पाऊस पडला नाही म्हणून लोक खात्याला नावे ठेवतात, ते मात्र योग्य नाही.

गोवंडीकर:
मी ज्या वस्तीत वाढलो आणि आता मुलांच्या शिकवण्या घेतो, तिथे दरवर्षी कोणी ना कोणी प्रश्नावली घेऊन येते. घरात किती माणसे, संडास कुठे, खोकला किती दिवस, कर्ज किती. आमच्या बायका कामाला जायचे थांबवून उत्तरे देतात. नंतर एखाद्या दिवशी वस्तीचे नाव, क्षयरोगाच्या आकड्यासह, पेपरात दिसते. त्यानंतर मुलीचे स्थळ बघायला येणारे पत्ता विचारून गप्प होतात, नोकरीच्या अर्जावर मुले मावशीचा पत्ता टाकतात. हे भोगणारे आम्ही, आणि निष्कर्ष ऐकणारे सर्वांत शेवटचे आम्ही.

मला दोन पानांच्या कागदाचे फारसे अप्रूप नाही, कारण आमच्याकडे खूप जण वाचण्यापेक्षा ऐकतात. संशोधकाने परत यावे, चाळ समितीच्या खोलीत किंवा अंगणवाडीत तासभर बसावे, काय सापडले ते सांगावे आणि आमचे म्हणणे लिहून घ्यावे. आणि हे पेपरात छापून येण्याआधी व्हावे.

संख्यामित्र:
गोवंडीकर, तुमचा मुद्दा वजनदार आहे आणि ‘छापण्याआधी’ ही अट मला रास्त वाटते. पण एक धोका सांगणे मला भाग आहे. निष्कर्ष वस्तीला पसंत पडला नाही, तर तो सौम्य करण्याचा दबाव संशोधकावर येईल. तो दबाव वस्तीतल्या सामान्य माणसाकडून नाही, तर वस्तीच्या नावाने बोलणाऱ्या पुढाऱ्याकडून येईल. पाणी दूषित असेल तर ते दूषित आहे असेच लिहिले गेले पाहिजे.

शोधार्थी, चेंबूर:
संख्यामित्र, दोन पानांत बारकावे टिकत नाहीत, या तुमच्या आक्षेपाचे उत्तर प्रत्यक्ष लिहूनच देते. तोच ३९ चा आकडा घ्या.

परीक्षकांसाठी: ‘नोंदणीकृत मृत्यूंवरून काढलेले सरासरी मृत्युवय वयोरचना आणि स्थलांतर यांमुळे प्रभावित होते, त्यावरून वॉर्डांची थेट तुलना करू नये.’

वॉर्ड कार्यालयासाठी: ‘या आकड्यावरून निधी वाटू नये. पाच वर्षांखालील मृत्यू आणि १५ ते ४५ वयोगटातील मृत्यू कारणांसह वेगळे काढावेत, कारण त्यांवरचे उपाय वेगळे आहेत.’

रहिवाशांसाठी: ‘इथला माणूस चाळिशीच्या आत जातो, असा याचा अर्थ नाही. इथे लहान मुले आणि तरुण जास्त राहतात, आणि बरेच म्हातारे गावी जाऊन राहतात, म्हणूनही हा आकडा लहान दिसतो. पण लहान मुलांचे आणि तरुणांचे जे मृत्यू टाळता आले असते, ते कशाने झाले हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.’

तिन्ही ठिकाणी मूळ गोष्ट तीच आहे आणि रहिवाशांच्या मजकुरात काही लपवलेले नाही. हे कसब स्वतंत्र आहे हे मान्य, पण आकडा कुठे दगा देतो हे ज्याने तो गोळा केला त्यालाच आधी कळते. मराठी विज्ञान परिषदेसारख्या संस्थेने ते लिहायला शिकवावे, संशोधकाच्या जागी लिहू नये. उरकाउरकीची भीती खरी आहे, म्हणूनच मी व्हायव्हाचा आग्रह धरते: बाहेरच्या परीक्षकाने सारांशातले एखादे वाक्य वाचून ‘हे प्रबंधात कुठे आहे?’ असे विचारले, की भाषांतरकाराकडून करून आणलेला कागद लगेच उघडा पडतो. गोवंडीकरांच्या सूचनेनुसार मी प्रस्तावात बदल करते: कागदासोबत वस्तीत एक बैठक, आणि तिची नोंद प्रबंधाला परिशिष्ट म्हणून जोडलेली.

संख्यामित्र:
तिन्ही मजकूर चांगले उतरले आहेत. तरी ते तुम्ही लिहिलेत म्हणून, नियमाने सगळे तसे लिहू लागतील असे मी मानत नाही, आणि पदवी अडवण्याला माझा विरोध कायम आहे. आधी एखाद्या विभागाने हे स्वेच्छेने करून पाहावे. बैठकीचे परिशिष्ट मात्र मला मान्य आहे, निष्कर्षांना हात लागणार नाही या अटीवर.

गोवंडीकर:
आकडे बदला असे आम्ही म्हणतच नाही. पाणी दूषित असेल तर तसेच लिहा, आम्हाला टँकर मागायला तोच कागद लागेल. फक्त छापताना वस्तीचे नाव घालायचे की वॉर्डाचे, हे ठरवताना आमच्यातली चार माणसे बसवा, आणि त्यांत दोन बायका असू द्या, कारण प्रश्नावलीची उत्तरे त्यांनी दिलेली असतात.