वार्धक्यावरचे चित्रपट आणि माळ्यावरच्या डीव्हीडी: जपाव्यात की काढून टाकाव्यात?

नौपाडावासी (धागाकर्ता)

आमची इमारत पुनर्विकासाला जात असल्यामुळे भाड्याच्या लहान जागेत काय न्यायचे, याची चर्चा सध्या मजल्यामजल्यावर चालू आहे. आमच्या घरात ती व्हीसीडी, डीव्हीडी आणि व्हिडिओ कॅसेटच्या खोक्यांपाशी येऊन अडली. मुलांचे म्हणणे असे की, सगळे चित्रपट हल्ली फोनवर मिळतात. इतर चित्रपटांबाबत मी हे मान्य करीन, परंतु वार्धक्यावरचे चित्रपट वयाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर पुन्हा पाहावे लागतात आणि म्हणून ते स्वतःच्या मालकीचे, हाताशी असले पाहिजेत, असे माझे मत आहे.

‘सारांश’ १९८४ साली आला, तेव्हा मुलाच्या अस्थी सोडवण्यासाठी कस्टम्सच्या कचेरीत टीव्ही-फ्रिजवाल्यांच्या गर्दीत उभ्या असलेल्या प्रधानांचा संताप तेवढा मनात राहिला होता. साठीनंतर पाहताना लक्ष रोहिणी हट्टंगडींच्या पार्वतीकडे जाते. भाडेकरू मुलीच्या पोटातल्या बाळात आपला मुलगा शोधणारी ही बाई तरुणपणी मला केवळ भोळी वाटली होती. (प्रधानांची भूमिका करणाऱ्या अनुपम खेर यांनी तेव्हा तिशीही गाठली नव्हती, हे अजूनही खरे वाटत नाही.) स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनचा ‘वाइल्ड स्ट्रॉबेरीज’ (१९५७) तर मी दर काही वर्षांनी पाहतो. त्यातल्या म्हाताऱ्या प्राध्यापकाची अतिवृद्ध आई जुन्या खेळण्यांची पेटी उघडते आणि काटे नसलेले सोन्याचे घड्याळ दाखवते, तो प्रसंग पूर्वी मी चहा ठेवण्याची वेळ समजत असे.

घोडबंदरवाला

आपला मुद्दा भावनेला पटतो, पण आपण ज्या प्रकारच्या चित्रपटांची बाजू घेत आहात त्यांनाच तो मान्य नाही. सत्यजित राय यांच्या ‘जलसाघर’मधला (१९५८) विश्वंभर राय हा जमीनदार उरलीसुरली पुंजी एका शेवटच्या मैफिलीवर उधळतो, कारण गेलेला काळ त्याला आपल्याच दिवाणखान्यात हवा असतो, त्या हट्टाचे पुढे काय होते ते आपण जाणताच. जपानी दिग्दर्शक ओझूच्या ‘टोकियो स्टोरी’त (१९५३) आईच्या अंत्यसंस्कारानंतरच्या जेवणावरच मोठी मुलगी तिचा किमोनो मागते आणि आपल्याला तिचा राग येतो, परंतु आपल्यामागे आपल्या खोक्यांबाबत मुलांनी काय करावे, हे आपण तरी कुठे सांगून ठेवले आहे? ठाण्यात चौरस फुटाचा जो दर चालू आहे, त्या दरात माळा म्हणजे फुकटची जागा नव्हे. चित्रपट पाहावा, मनात ठेवावा आणि डबी द्यावी.

वाशीकर

मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे, पण कारण वेगळे. ‘फोनवर मिळतात’ म्हणजे काय, तर मुदतीचा परवाना असेपर्यंत मिळतात. एक मराठी चित्रपट मी निम्मा पाहून ठेवला होता आणि पुढच्या महिन्यात तो यादीतून नाहीसा झाला. वर्गणी मात्र नियमित कापली गेली.

ऐरोलीची लेक

वडिलांच्या पश्चात असाच संग्रह आवरण्याचे काम माझ्या वाट्याला आले असल्यामुळे मी थोडे कठोर लिहिते, त्याबद्दल राग नसावा. खाडीकाठच्या दमट हवेत व्हिडिओ कॅसेट टिकत नाही. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून पाहिल्यावर टेपच्या गुंडाळीवर पिठासारखी पांढरी बुरशी दिसते, आणि अशी एक कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली की टेप वाचणारे हेड खराब होते व पुढच्या चांगल्या कॅसेटलाही बुरशी लागते. शिवाय व्हीसीआर आणणार कुठून? जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवले आणि नवा व्हीसीआर मिळणे तिथेच संपले. घरी संगणकावर भरलेल्या (‘बर्न’ केलेल्या) डीव्हीडीतला रंगद्रव्याचा थर कालांतराने फिका पडतो. कारखान्यात छापलेली तबकडी त्या मानाने पुष्कळ टिकते. व्हीसीडीचा चकचकीत थर तर लेबलच्या बाजूला, नुसत्या लाखेच्या लेपाखाली असतो, त्यामुळे खालच्या ओरखड्यापेक्षा वरचा ओरखडा घातक ठरतो.

माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. वडिलांनी नामांकित चित्रपटांच्या डब्यांना क्रमांक दिले होते, वही ठेवली होती. आजीचे बोलणे टिपलेल्या कॅसेटवर मात्र काहीही लिहिलेले नव्हते. बर्गमनला जगात हजार रखवालदार आहेत. आजीला आम्हीच होतो.

नौपाडावासी

शेवटचा मुद्दा मला निरुत्तर करणारा आहे आणि घरच्या कॅसेट आधी संगणकावर उतरवून घ्यायच्या, हे मी आजच ठरवले. परंतु ‘हजार रखवालदार’ हे मला मान्य नाही. घोडबंदरवाल्यांनी ज्या ‘टोकियो स्टोरी’चा दाखला दिला, त्याची मूळ निगेटिव्ह आगीत नष्ट झाली आणि चित्रपट उरला तो प्रतींमुळे. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत सहज पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मवरचे कितीतरी जुने भारतीय चित्रपट गेले. ‘वाइल्ड स्ट्रॉबेरीज’मध्ये म्हातारा प्राध्यापक झालेले व्हिक्टर शोस्त्रोम स्वतः मूकपटांचे मोठे दिग्दर्शक होते आणि त्यांनी काढलेल्या चित्रपटांपैकी बरेचसे आज उपलब्ध नाहीत.

किमोनोचा प्रसंग आपण अर्धाच सांगितलात. त्याच चित्रपटात सासरा गेलेल्या बायकोचे घड्याळ काहीही न मागणाऱ्या विधवा सुनेच्या हाती देतो. वस्तू कोणाला द्यायची, हे त्याला नेमके माहीत असते.

घोडबंदरवाला

घड्याळ एक होते, आपली खोकी किती आहेत?

प्रतींचा मुद्दा मी मान्य करतो, पण हजारोंनी छापलेली डीव्हीडी आपल्या माळ्यावर असल्याने चित्रपट वाचतो, हे पटत नाही. वाचवायची ती दुकानात कधी न आलेली किंवा आता छापली न जाणारी प्रत. विशेषतः मराठी. ‘अस्तु’सारखा चित्रपट, ज्यात मोहन आगाशे यांचे स्मृती हरवलेले शास्त्री हत्तीमागे चालू लागतात, तो आपल्याकडे असेल तर खुशाल न्या. बाकीचे एखाद्या फिल्म सोसायटीला विचारून द्या, आणि इमारत रिकामी करण्याच्या नोटिशीची वाट पाहू नका, कारण त्या आठवड्यात सगळे भंगारवाल्याकडेच जाते.

नौपाडावासी

‘अस्तु’ आहे. छापील मराठी डीव्हीडी सगळ्या नेणार, इंग्रजी-जपानी यांतून निवड करणार, व्हीसीडी देऊन टाकणार. ‘सारांश’ची तेवढी ठेवीन, दोन तबकड्यांत असली तरी.