आत्याच्या वह्या, निगेटिव्ह, कॅसेट्स… कुठून सुरुवात करू? मदत हवी आहे

मंडळी, माझी आत्या गेल्या महिन्यात गेली, ८१ वर्षांची होती, आयुष्यभर एकटी राहिली आणि एकटी म्हटलेलं तिला अजिबात आवडायचं नाही, म्हणायची वेळ कुठंय मला एकटं वाटायला. खरंच नव्हता. दुर्बीण, सुतारकाम, फोटोग्राफी, सत्तरीत शिकलेलं पोहणं, सगळं एकाच वेळी चालू. आता तिची कपाटं माझ्याकडे आलीयेत. एका वहीत रोज रात्रीचा गुरू ग्रह काढलाय, मधे गोल आणि बाजूला चार चंद्रांचे ठिपके, दर पानावर जागा बदललेले, आणि मधेच एका पानावर फक्त ‘ढग. झोपते.’ (हे वाचून मी हसले आणि मग रडलेच.)

तर प्रश्न असा की जुन्या निगेटिव्हच्या एका डब्याला व्हिनेगरसारखा वास येतोय, म्हणजे फिल्म खराब व्हायला लागलीये एवढं कळलं, तो डबा बाकीच्यांपासून वेगळा ठेवलाय. साध्या फ्लॅटबेड (सपाट काचेच्या) स्कॅनरवर २४०० डीपीआयला (म्हणजे इंचाला २४०० ठिपके) घरीच स्कॅन करू का बाहेर देऊ? कॅसेट्समध्ये तिचा आवाज आहे, पण टेप चिकटेल या भीतीने लावलीच नाहीये. आणि पेन्सिलीच्या वह्या कशात ठेवायच्या? कोणी केलंय का असं काही?