लॅपटॉपवरून इमेज ढकलणाऱ्यांना एक लांबलेलं उत्तर

यामलग्रस्त
काल सदाशिव_शेलस्क्रिप्ट यांनी ठणकावून लिहिलं की चार जणांच्या टीमला डॉकर इमेज (ॲप आणि त्याला लागणारं सगळं एका गाठोड्यात) बिल्ड करायची पाइपलाइन, म्हणजे कोड बदलला की आपोआप चालणारी पायऱ्यांची साखळी, ही नसती उठाठेव. लॅपटॉपवरच बिल्ड (इमेज बांधणं) आणि पुश (ती रजिस्ट्रीत, म्हणजे इमेजच्या कोठारात, चढवणं), दोन कमांड, चहा उकळेपर्यंत काम फत्ते. खाली "+१"ची ही रांग. तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबलं, म्हणून वेगळा धागा.

वेळेचं सोडा, दोनच कमांड आहेत, मान्य. मला एवढंच सांगा, प्रॉडवर, म्हणजे खऱ्या ग्राहकांच्या सर्व्हरवर, आत्ता चालू असलेली इमेज कुठल्या कमिटची (गिटमध्ये नोंदवलेल्या कोडच्या आवृत्तीची), हे तुम्हाला फोन न करता टीममधल्या कोणालाही सांगता येतं का? लॅपटॉपवर बिल्ड करताना डॉकर कमिट बघत नाही, फोल्डर बघतो. त्यात अर्धवट एडिट केलेली फाइल असते, काढायचा राहिलेला प्रिंट असतो आणि डॉकरइग्नोर (वगळायच्या फायलींची यादी) नसेल तर पासवर्ड ठेवलेली अख्खी डॉट-एन्व्ह असते. डॉकरफाइलमध्ये (इमेज बांधायच्या सूचनांच्या फायलीत) "कॉपी डॉट डॉट" म्हटलं की सगळं आत. पुढच्या ओळीत फाइल उडवलीत तरी खालच्या लेयरमध्ये (आधीच्या ओळीने बनलेल्या थरात) ती जशीच्या तशी राहते, इमेज ज्याच्या हातात तो काढून घेतो. एप्रिल २०२१ मध्ये उघड झालेलं कोडकव्ह या टेस्ट-कव्हरेज मोजणाऱ्या सेवेचं प्रकरण आठवा. त्यांच्या इमेज बनवण्यातल्या चुकीमुळेच क्रेडेन्शियल (प्रवेशाची किल्ली) बाहेर गेलं आणि त्यावरून कोणीतरी त्यांची अपलोडर स्क्रिप्टच बदलली.

आता स्वानुभव. आधीच्या एका नोकरीत ग्राहकाची तक्रार आली की एकच बिल कधी जीएसटीसकट दिसतं, कधी जीएसटीविना. रिफ्रेश केलं की बदलतं. कोड उलटापालटा केला, काही सापडेना. शेवटी दोन पॉडांचे (ॲपच्या चालू प्रतींचे) डायजेस्ट, म्हणजे इमेजच्या मजकुरावरून निघणारे शा, बोटाच्या ठशासारखे, शेजारी ठेवले. टॅग (इमेजला दिलेलं नाव) दोन्हीकडे १.४, शा मात्र वेगळे! कोणीतरी घाईत फिक्स करून लॅपटॉपवरून त्याच टॅगवर पुन्हा पुश मारलं होतं. टॅग लेटेस्ट नसेल तर कुबरनेटीस (इमेज सर्व्हरांवर वाटून चालवणारी प्रणाली) न सांगता इफ-नॉट-प्रेझेंट धरतं, म्हणजे इमेज आधीच असेल तर पुन्हा आणत नाही. जुन्या नोडकडे (सर्व्हरकडे) १.४ होती, त्याने नवी आणलीच नाही. मध्येच एक नोड वाढला, त्याने नवी आणली. दोघेही आपापल्या जागी बरोबर.

तेव्हापासून माझा हट्ट असा: मेनमध्ये (कोडच्या मुख्य शाखेत) मर्ज झालं की रनर (पाइपलाइनची कामं करणारं मशीन) बिल्ड करणार, टॅग कमिटच्या शाचा, डिप्लॉय डायजेस्टने, आणि रजिस्ट्रीत लिहायचा हक्क पाइपलाइन सोडून कोणालाही नाही. पीआरवर (मर्जच्या प्रस्तावावर) फक्त बिल्ड, पुश नाही. गिटहबच्याच रजिस्ट्रीत ठेवणार असाल तर वर्कफ्लोला (गिटहबवरच्या पाइपलाइनला) कोड वाचायला कंटेंट्स-रीड आणि इमेज चढवायला पॅकेजेस-राइट एवढ्या परमिशन पुरतात, जॉब संपला की टोकन मेलं.

सदाशिव_शेलस्क्रिप्ट
यामलग्रस्त पंत, निबंध छान. दहापैकी सात.

घाणेरड्या फोल्डरवरून बिल्ड होतं हे तुमच्या लोकांचं दुखणं. आमच्या रिलीज स्क्रिप्टची पहिली तपासणीच ती आहे. गिट स्टेटस स्वच्छ नसेल तर बाहेर. टॅग कमिटच्या शाचाच, रजिस्ट्रीत तोच टॅग आधी असेल तर पुन्हा बाहेर. कोणाला फोन करावा लागत नाही. तुमच्या जीएसटीवाल्या गोष्टीत दोष लॅपटॉपचा नव्हता, शिस्तीचा होता.

आणि कोडकव्ह आठवलं तर टीजे-ॲक्शन्स का गिळलंत? मार्च २०२५. बदललेल्या फायलींची यादी देणारी एवढीशी ॲक्शन (वर्कफ्लोत जोडायचा तयार तुकडा), तेवीस हजारांवर रेपोंमध्ये (कोडच्या साठ्यांत) वापरात. कोणीतरी तिचे जुने टॅग उचलून एकाच घातक कमिटवर नेऊन ठेवले आणि रनरच्या मेमरीतली सिक्रेट्स लॉगमध्ये ओतली. रेपो पब्लिक, तर लॉगही सगळ्या जगाला खुला. तुमच्या त्या वर्कफ्लोत चेकआउट, लॉगिन, मेटाडेटा, बिल्ड-पुश अशा आयत्या ॲक्शन, किती परक्यांना घराची किल्ली दिलीय ते मोजा. माझ्या लॅपटॉपवर मी एकटा.

आमचं दुकान साताऱ्याकडचं, दूध संकलन केंद्रांचं सॉफ्टवेअर. पहाटे पाचला दुधाच्या फॅट-एसएनएफच्या (स्निग्धांश आणि बाकी घनपदार्थांच्या) नोंदी सुरू होतात. मागे आम्हीही पाइपलाइनचं खूळ घेतलं होतं. एका पहाटे दर चुकीचा लागायला लागला, दुरुस्ती एका ओळीची, आणि सीआयवाल्यांची (पाइपलाइन चालवून देणाऱ्यांची) सेवाच आडवी. जॉब रांगेत. बाहेर लोक कॅन घेऊन उभे आणि मी स्टेटस पेज रिफ्रेश करतोय. त्या दिवशीपासून नमस्कार.

कॅशमिसेस
टीजे-ॲक्शन्सचा धडा "पाइपलाइन नको" हा नाही हो. ज्यांनी ॲक्शन टॅगने न लावता पूर्ण कमिट शाने पिन केली होती, त्यांच्याकडे टॅग हलल्याने काहीच हललं नाही. तुमच्या डॉकरफाइलमधल्या "फ्रॉम" ओळीत (जी पायाची, म्हणजे बेस इमेज सांगते) काय आहे, डायजेस्ट की नुसता स्लिम टॅग?

आणि लॅपटॉपचंच म्हणाल तर आमच्याकडे नव्या मुलाने मॅकवरून इमेज पुश केली, सर्व्हरवर "एक्झेक फॉरमॅट एरर". मॅकचा प्रोसेसर आर्म जातीचा, सर्व्हरचा एएमडी६४, एकाची इमेज दुसऱ्यावर चालत नाही. प्लॅटफॉर्मचा फ्लॅग द्यायचा राहिला. डेमोच्या आधी.

वऱ्हाडी_रूट
मॅक! नव्या मुलाला मॅक!! इथं आठ जीबीच्या विंडोजवर टीम्स न क्रोम एकत्र उघडले का फॅन हेलिकॉप्टरसारखा फिरतो, अन् तुमच्याकडं फ्रेशरला मॅक देऊन राहिले.

ऐका आमची कथा. २०२१ मध्ये डॉकर डेस्कटॉपचं लायसन्स बदललं. अडीचशेच्या वर माणसं किंवा एक कोटी डॉलरच्या वर महसूल, तर पैसे भरा. आमच्या कंपनीनं पैसे नाही भरले, सगळ्यांच्या लॅपटॉपवरून डॉकरच काढून टाकला. डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) मागितलं तर सिक्युरिटीवाले नाही म्हणते. म्हणजे बिल्ड होते फक्त पाइपलाइनमध्ये. डॉकरफाइलमधली एक ओळ बदलायची तर कमिट, पुश, वाट पाहा, लाल, पुन्हा. हिस्ट्रीत पाहा: "फिक्स", "फिक्स २", "आता तरी चाल", "चाल ना बे". यामलग्रस्त भाऊ, तुमची पाइपलाइन चांगलीच आहे, पण ज्याच्याकडं दुसरं काहीच नाही त्याला विचारा.

ग्रॅव्हिटॉन_गणू
मॅक दिला तर देऊ देत की. आमचे सर्व्हरच आर्म आहेत, बिल कमी येतं. लॅपटॉपवर जे चालतं ते तिथे तसंच चालतं. दुखणं उलट पाइपलाइनचं होतं. एएमडी६४च्या रनरवर क्यूईएमयू (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) लावून आर्मची इमेज करायची म्हणजे पायथनचं एखादं पॅकेज कंपाइल होईपर्यंत जेवून या. जानेवारी २०२५ पासून गिटहबने पब्लिक रेपोंना आर्म रनर फुकट दिले, तेव्हा सुटलो. दोन्ही प्लॅटफॉर्म आपापल्या मशीनवर बिल्ड करायचे, शेवटी मॅनिफेस्ट (दोन्ही इमेज एका नावाखाली मांडणारी यादी) जोडायचा.

बाकी, सर्व्हिस कंपनीत राहून लॅपटॉपबद्दल रडण्यात काय अर्थ? बदला की नोकरी.

वऱ्हाडी_रूट
बदला की नोकरी! वा रे वा. घरी म्हातारे आईबाप, नागपूर सोडता येत नाही. तुमच्या बाणेरच्या काचेच्या ऑफिसातून दुनिया लय सोपी दिसते. आर्म सर्व्हर म्हणे. आमच्या क्लायंटचा सर्व्हर कोणता हे ठरवायला मला बोलावते का कोणी?

टीसी_नाका
गणूशेठ, तुमच्या त्या काचेच्या ऑफिसात मीही होतो. मॅक देतात आणि ॲडमिन हक्क काढून घेतात. डॉकर इन्स्टॉल करायला तिकीट, तिकिटाला मॅनेजरची मंजुरी, मॅनेजर रजेवर. उगाच मिरवू नका.

ग्रॅव्हिटॉन_गणू
कुठली कंपनी ते व्यनि (खासगी निरोप) करा, इथे नको. आणि मी मिरवत नव्हतो, मुद्दा क्यूईएमयूचा होता. इथे कोणाला आर्किटेक्चरपेक्षा पगारातच रस असेल तर इलाज नाही.

वऱ्हाडी_रूट
पगाराचा विषय कोणी काढला? तुम्ही!

ऑनकॉल_आत्या
झालं का लॅपटॉपवाटप? मूळ प्रश्न इमेज कोणी बांधायची हा होता.

सदाशिवराव, तुमची स्क्रिप्ट खरंच चांगली आहे, उपरोध नाही. पण ती चालते कोणाच्या नावाने? लॅपटॉपवर डॉकर लॉगिन केलं आणि क्रेडेन्शियल स्टोअर (पासवर्डची तिजोरी) लावलेलं नसलं की पासवर्ड होम फोल्डरमधल्या कॉन्फिग फायलीत बेस६४मध्ये पडून असतो. ते एन्क्रिप्शन नव्हे, नुसतं उलटं घातलेलं कव्हर. तुम्ही पंढरपूरला गेलात तर बाकीचे तिघे काय करणार? तुमचाच लॅपटॉप उघडणार ना?

यामलग्रस्त, तुम्हीही जरा दमानं. पाइपलाइन लावली म्हणजे शुद्ध झालो असं नाही. मी बघते त्या निम्म्या वर्कफ्लोंत खासगी पॅकेजचं टोकन बिल्ड-आर्गमधून (बिल्डला बाहेरून दिलेल्या मूल्यातून) जातं. इमेजवर डॉकर हिस्ट्री ही कमांड मारा, समोर हजर. बिल्डकिटचा (डॉकरच्या बिल्ड इंजिनाचा) सीक्रेट माउंट, जो गुपित इमेजमध्ये ठेवत नाही, इतकी वर्षं आहे, तो कोणी वापरत नाही. दुसरं, डॉकरफाइलमध्ये आधी सगळा कोड कॉपी, मग पिप इन्स्टॉल (पायथनची पॅकेजेस आणणं). रीडमीतला स्वल्पविराम बदलला की सगळी पॅकेजेस नव्याने. मग "सीआय स्लो आहे" म्हणून बोंब. आधी रिक्वायरमेंट्सची फाइल तेवढी कॉपी करा, इन्स्टॉल करा, कोड नंतर. आणि रनर दर वेळी कोरा येतो, तेव्हा कॅश (आधी बांधलेले थर) रजिस्ट्रीत ठेवा, मोड मॅक्स करून. नाहीतर मल्टीस्टेजच्या (टप्प्याटप्प्याने बांधायच्या डॉकरफाइलच्या) मधल्या पायऱ्या कॅशमध्ये जातच नाहीत.

ऑफिसातच रनर ठेवणाऱ्यांसाठी: नोव्हेंबर २०२० मध्ये डॉकर हबने (डॉकरच्या सार्वजनिक रजिस्ट्रीने) लॉगिनशिवायच्या पुलवर (इमेज उतरवून घेण्यावर) सहा तासांत १०० ची मर्यादा घातली, ती आयपीवर मोजतात. सगळं ऑफिस एका आयपीमागे असेल तर दुपारी तीनला "टू मेनी रिक्वेस्ट्स" येणारच. बेस इमेजची प्रत आपल्या रजिस्ट्रीत ठेवा.

आणि भांडण मिटवायचं तर सदाशिवरावांची स्क्रिप्ट रेपोत टाका, पाइपलाइनने तीच चालवावी. यामल (पाइपलाइनची कॉन्फिग फाइल) दहा ओळींचं, परक्या ॲक्शन जवळजवळ शून्य. सेवा आडवी पडली तर तीच स्क्रिप्ट हाताने, वेगळ्या आणीबाणीच्या टोकनने, आणि ते वापरलं की सगळ्यांना मेल.

सदाशिव_शेलस्क्रिप्ट
पंढरपूर काढायची गरज नव्हती. तिघांचं मात्र खरं आहे, गेल्या आषाढीला एकाने माझ्या टेबलावरच्या चिठ्ठीतून पासवर्ड वाचला होता. हे मी पंतांसाठी लिहीत नाहीये. आणि "फ्रॉम"मध्ये डायजेस्ट नाही, कॅशमिसेसबाई, झालं समाधान?

तरी एक सांगतो. २०२३ मध्ये डेबियन स्ट्रेच या जुन्या लिनक्स आवृत्तीचे पॅकेज-रेपो मुख्य मिररवरून अर्काइव्हमध्ये हलले, त्या दिवशी बेस डायजेस्टने पिन केलेल्यांच्याही बिल्ड फुटल्या. कोड जैसे थे, ॲप्ट अपडेटला (पॅकेजांची यादी आणायच्या कमांडला) चारशे चार, म्हणजे फाइलच सापडत नाही. पिन करून ठेवलं म्हणजे काळ थांबत नाही.

यामलग्रस्त
बरोबर, म्हणूनच आठवड्यातून एकदा कमिट नसतानाही शेड्यूलवर बिल्ड लावायची. फुटायची असेल ती सोमवारी सकाळी फुटेल, दुरुस्तीच्या घाईत नाही. हे लॅपटॉप करणार आहे का? असो. स्क्रिप्ट पाइपलाइनने चालवायची ही कल्पना मला चालेल. आणीबाणीच्या टोकनला माझा विरोध आहे, कारण आपल्याकडे आणीबाणी दर शुक्रवारी असते.

ऑनकॉल_आत्या
मग कॅन घेऊन उभ्या असलेल्या लोकांना तुम्ही समजवा.

टीसी_नाका
अवांतर: आमचं गिटलॅब आहे, बिल्ड कनिकोवर (डॉकरशिवाय इमेज बांधणाऱ्या गुगलच्या टूलवर). २०२५ मध्ये गुगलने तो रेपो अर्काइव्ह केला. प्रिव्हिलेज्ड (मशीनवर पूर्ण हक्क असलेला) रनर द्यायला ॲडमिन तयार नाही. आता काय?

कॅशमिसेस
बिल्डा (तसंच दुसरं टूल) किंवा रूटलेस (रूट हक्कांशिवाय चालणारं) बिल्डकिट. दोन्हींना यूजर नेमस्पेस (लिनक्समधली वेगळ्या युजर-ओळखीची सोय) लागते, ॲडमिनशी त्यावरून पुन्हा भांडावं लागेल. वेगळा धागा काढा, इथे अजून मॅकचं मिटलं नाहीये.

वऱ्हाडी_रूट
मिटणार पण नाही.