जुन्या काराकोरम शीटवर शिखरं जुळतात, दऱ्या का नाही?

प्रश्न
सर्व्हे ऑफ इंडियाची एकोणिसाव्या शतकातली शीट (इंचाला चार मैल) क्यूजीआयएसमध्ये (नकाशांचं सॉफ्टवेअर) चार कोपऱ्यांवर बसवली. सगळं पूर्वेला साडेतीन-चार किमी गेलं. तेवढं मागे ओढल्यावर शिखरं बसली, पण बाजूच्या दऱ्या अजून किलोमीटरभर चुकतात. डेटम (पृथ्वीचा आकार आणि मोजणीचा आरंभ यांचं गृहीतक) चुकला का?

उत्तर १
डेटममुळे एवढं सरकत नाही. जुना एव्हरेस्ट डेटम ते आजचा जीपीएसचा डब्ल्यूजीएस८४ हा फरक तिथे शंभर-दोनशे मीटरांतला. तुमचे चार किमी मद्रासचे. जुने रेखांश मद्रास वेधशाळा ८०° १७′ २१″ धरून काढलेले, आणि तो आकडा २′ २७″ जास्त होता. ३५½° अक्षांशावर एक सेकंद म्हणजे सुमारे २५ मीटर, हिशेब ३.७ किमीचा. शीट ओढू नका, प्रत्येक कंट्रोल पॉइंटच्या (स्कॅनला खऱ्या जागेशी बांधणाऱ्या बिंदूच्या) रेखांशातून २′ २७″ वजा करा. समासात रेखांशाची टीप असेल तर आधी वाचा, नाहीतर दुरुस्ती दोनदा व्हायची. आणि चार कोपरे पुरत नाहीत. कागद आडवा-उभा सारखा आकसत नाही, म्हणून अक्षांश-रेखांशांच्या जाळीचे आतले छेदही घ्या.

उत्तर २
दऱ्यांचं कारण मोजणीतच आहे. शिखरं थिओडोलाइटने (कोन मोजणाऱ्या दुर्बिणीने) लांबच्या स्टेशनांवरून, दिशारेषा जिथे छेदतात त्यावरून ठरवली. के२ तर १८५६ मध्ये काश्मीरमधल्या हरमुख शिखरावरून, दोनशे किमीवरून टिपलं. दऱ्या मात्र प्लेन टेबलावर (तिपाईवरचा फळा, त्यावर जागेवरच नकाशा काढतात) काढल्या. टेबलाची जागा ठरवायला तीन ज्ञात शिखरं दिसावी लागतात, खोल दरीत एखादंच दिसतं. मग टेबल होकायंत्रावर लावायचं. ते १° चुकलं की २० किमीवरच्या शिखरावरून मागे आणलेली रेषा ३५० मीटर सरकते. तिन्ही दिसली तरी सर्व्हेअर त्या तिघांतून जाणाऱ्या वर्तुळावरच उभा असेल तर जागा ठरतच नाही. आणि ज्या दरीचं नुसतं तोंड दिसलं, तिचा आतला भाग अंदाजाने काढलेला असतो.

प्रश्नकर्ता
मग थिन प्लेट स्प्लाइनने (स्कॅन रबरासारखा ताणणाऱ्या पद्धतीने) दऱ्या बसवू का?

उत्तर ३
मुळीच नको. स्प्लाइन प्रत्येक पॉइंटमधून जाते, चूक शून्य दाखवते आणि मधली बरोबर बसलेली शिखरं वाकवते. जाळीवर अफाइन (सरकवणं, फिरवणं, सरळ ताणणं एवढंच) ठेवा, दऱ्यांची चूक वेगळ्या लेयरमध्ये बाणांनी नोंदवा. हिमनदीचं मुख कंट्रोलला घेऊ नका, ते खरोखरच हललेलं असतं. छापील उंचीत दहा-वीस मीटर फरक आला तर स्कॅनला दोष नको: १०० किमीवर पृथ्वीच्या वक्रतेची दुरुस्ती ७८५ मीटर, आणि अपवर्तनाचा (हवेत प्रकाश वाकण्याचा) गुणांक ०.०१ ने चुकला तरी ८ मीटर जातात.