एका बीमधून दोन-तीन रोपं
या चर्चेत वर एकाने म्हटलंय की जीनोम (झाडाच्या सगळ्या डीएनएचा वाचून काढलेला क्रम) हाती आला की फड्या निवडुंगाची बिनकाट्याची नवी जात 5-6 वर्षांत तयार होईल. जीनोमचा उपयोग होणार हे मान्यच, पण फड्याची खरी अडचण इथे कोणी काढलीच नाही. ड्रॅगन फ्रूट पण कॅक्टसच, त्याच्या नेहमीच्या जातीत गुणसूत्रं 22, म्हणजे 11 चे दोन संच, आणि लागवडीतला फड्या (ओपन्शिया फायकस-इंडिका) आठ संचांचा, एकूण 88! इतके संच असले की कुठला गुण पुढच्या पिढीत कसा उतरेल हे सांगणं अवघड.

त्यात बियांचं वेगळंच. मी गच्चीवर फळातल्या बिया पेरल्या तर काही बियांतून दोन-दोन, एकीतून तर तीन रोपं आली. नंतर वाचल्यावर कळलं की अशातली काही रोपं संकरातून नाही तर आईच्याच पेशींपासून येतात, हुबेहूब आईची कॉपी. म्हणजे एवढं निगुतीने परागण केलं तरी खरं संकरित रोप कुठलं हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही, तिथे डीएनए मार्करने (डीएनएमधल्या ओळखीच्या खुणांनी) ते लहानपणीच वेगळं काढता येतं. माझ्या मते जीनोमचा पहिला फायदा इथे आहे, काट्याचा जीन शोधणं नंतरचं, नाहीतर फळ धरेपर्यंत काही वर्षं आईच्याच कॉप्या सांभाळत बसायचं.